रुमालाखालचं वर्ष

माघ सरत आला की सांगलीहून आमच्या साताऱ्याच्या घरी एक पिशवी येते. पाठवणारा माझा जुना वर्गमित्र. तो आता विम्याची कामं करतो, पण पिशवी चुकत नाही. तीत नव्या हंगामाची हळकुंडं असतात. सौभाग्यवती ती गच्चीवर जुन्या चादरीवर पसरते आणि मग दोन-तीन दिवस जिन्यापासून देवघरापर्यंत एकच वास भरून राहतो. ओल्या मातीसारखा, आल्याच्या लांबच्या नातेवाइकासारखा, जरासा कडवट. मी वर जातो, एक हळकुंड उचलतो, दोन्ही हातांनी मोडतो, कानाजवळ धरून आवाज ऐकतो, आतला केशरी रंग उन्हात धरून बघतो, तुकडा दाताखाली घेतो आणि तोंड वाकडं करतो.

"घ्यायचाय का माल," सौभाग्यवती विचारते, "का नुसताच नासवायचाय?"

हे दरवर्षीचं. यंदा मात्र मी हळकुंड हातात घेऊन खाली आलो, कारण खालच्या खोलीत माझी मुलगी मुक्ता होती आणि तिच्यावर लक्ष ठेवणं मला आवश्यक वाटत होतं. पुण्यातली बरी नोकरी सोडून ती घरी आली आहे. म्हणते, अजून दोन वर्षं शिकायचंय. काय शिकायचंय ते तिने तीनदा सांगितलं आणि मी तीनदा मान हलवली. दिवसभर ती लॅपटॉपसमोर बसते. पडद्यावर ठिपके असतात. ठिपके हलतात, एकमेकांपाशी जातात, लांब पळतात. ती त्यांच्याकडे बघते आणि कधीकधी हसते. ठिपक्यांकडे बघून हसणाऱ्या मुलीचा बाप काय करील? मी पाण्याची बाटली भरायचं निमित्त काढून तिच्या दारावरून गेलो. मग बाटली रिकामी करून पुन्हा गेलो.

तिने मान वर न करता म्हटलं, "बाबा, आजोबांसारखं बघू नका."

मी जागच्या जागी थांबलो. आजोबा गेले तेव्हा ही फ्रॉकमध्ये होती. त्यांचं ते बघणं हिला कसलं आठवणार? तिला ते ठाऊक आहे माझ्याकडूनच. जेवताना, प्रवासात, पाहुण्यांसमोर मी ती गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे की घरातलं कुणीही ती मधूनच पकडून पुढे नेऊ शकतं. आणि आता तिने ती माझ्याच अंगावर सोडली होती.

तर ते बघणं. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, सुभेदार होऊन फौजेतून निवृत्त झाले. मूळचे माण तालुक्यातले, पेन्शनीत आल्यावर साताऱ्यात घर बांधून राहिलेले. त्यांनी बघितलं की बघितलेल्या गोष्टीला आपण काहीतरी लपवतोय असं वाटायला लागायचं. भाजीवाली आपण होऊन सडकी वांगी बाजूला काढायची. आरशातल्या स्वतःकडेसुद्धा ते तसेच बघत दाढी करायचे. आयुष्यभर रसद-भांडाराच्या दारावर उभं राहिलेला माणूस; आत काय गेलं, बाहेर काय आलं आणि मधे काय नाहीसं झालं, एवढंच जग.

अशा माणसाला मी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर येऊन सांगितलं, की सांगलीच्या एका कॉलेजात एम.एस्सी.चा नवा अभ्यासक्रम निघालाय, मला प्रवेश मिळालाय, दोन वर्षं जायचंय. विषय जटिल प्रणालींचं प्रतिमान बांधणं. इंग्रजी नाव याहून लांब होतं. कॉलेजच्या भिंतीवर ते रंगवताना पेंटरला जागा पुरली नव्हती, त्यामुळे शेवटचे चार शब्द उतरत्या भाजणीने बारीक होत गेले होते. मलाही त्या शेवटच्या अक्षरांसारखंच वाटायचं. वर्गात आम्ही मोजकेच. बाकी कुठेच जागा न मिळाल्यामुळे जटिलतेकडे वळलेले.

"म्हंजे काय शिकवत्यात?" आबा.

मी साताऱ्याच्या एस.टी. स्टँडचं उदाहरण दिलं. एका माणसाला खिडकीची जागा हवी असते, एवढंच. तो खिडकीतून रुमाल टाकतो. अशी साठ माणसं एका गाडीला भिडली की दाराशी जे होतं ते कुणी एकाने ठरवलेलं नसतं. प्रत्येकाचं वागणं साधं, पण सगळ्यांचं मिळून जे होतं ते साधं नाही. ते तसं का होतं, हे गणितात, कॉम्प्युटरवर उभं करून बघायचं.

आबांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याला गणित कशाला लागतंय? कंडक्टर कशाला ठेवलाय मग?"



त्यांनी परवानगी दिली ती एका वर्षाची. फौजेतला त्यांचा एक सोबती एका सहकारी बँकेच्या संचालक मंडळावर होता आणि जूनमध्ये कारकुनाची एक जागा निघणार होती. "एक साल तुझं. जूनला बँकेत. दुसऱ्या सालाचं नाव काढायचं न्हाई." अर्धी एम.एस्सी. म्हणजे काहीच नव्हे, हे त्यांना पटेना. अर्धा रस्ता चालला तरी माणूस अर्ध्यापर्यंत तर पोचतोच, असा त्यांचा हिशेब. मला हवं होतं ते एकच. दुसरं वर्ष. सांगलीतल्या त्या पहिल्या वर्षात मी जे काही पाहिलं, खाल्लं, श्वासात घेतलं, त्या सगळ्यावर त्या दुसऱ्या वर्षाची सावली होती. भडंगाचा पुडा सोडतानासुद्धा मनात यायचं, पुढच्या वर्षी हे असेल का?

सांगलीचा उन्हाळा माघातच जिना चढायला लागतो. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या सकाळी गार आणि दुपारी पाय ठेवू देत नाहीत. मार्केट यार्डामागे माझी भाड्याची खोली होती आणि तिच्या खिडकीतून हळद यायची. दिसायची नाही, यायची. गादीवर, पाण्याच्या तांब्यात, नाकात, कानाच्या पाळीमागे. शिंक आली तर पिवळी. प्रकल्पासाठी विषय शोधत मी हिंडत होतो आणि विषय माझ्या उशीवर साचत होता. शेवटी एकदा उशी झटकताना लक्षात आलं. हळदीचा भाव कसा ठरतो, हेच मांडायचं.

यार्डात नियमाने सौदे उघड. पोत्यांतून ओतलेले ढीग, ढिगाभोवती खरेदीदारांचा घोळका, बोली, वाढ, पुढचा ढीग. तो घोळका या ढिगाकडून त्या ढिगाकडे असा सरकायचा की वाटावं, एकच मोठं जनावर चरतंय. पण उघड सौदा आटोपला की अडत्यांच्या दुकानांत, गादीवर, जुन्या चालीचे व्यापारी अजून रुमाल काढायचे. दोघं समोरासमोर बसणार. एकाने खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकायचा. मग रुमालाखाली बोटं बोलायची. किती बोटं धरली, त्यावर भाव. आणि वर? वर तोंडाने दोघंही भलतंच बोलणार.

"परवडत न्हाई ओ!"

"मग ऱ्हाऊ द्या की!"

"माती हाय ह्यात निम्मी."

"मग मातीच्या भावात मागा की."

हे बोलताना एकाची नजर पंख्याकडे, दुसऱ्याची कॅलेंडरवरच्या लक्ष्मीकडे. चेहऱ्यावर भांडण आणि रुमालाखाली लग्न ठरत आलेलं. शेजारी बसलेल्या माणसाला शेवटपर्यंत काही कळू द्यायचं नाही, यासाठीच तो रुमाल. आणि शेजारी बसणं हेच माझं शिक्षण होतं.

मी तिथे परीक्षेचं पॅड घेऊन जायचो. पुठ्ठ्याचं, वर चिमटा असलेलं. ही माझी पहिली चूक. त्या पॅडने यार्डात जेवढा संशय निर्माण केला तेवढा पिस्तुलाने केला नसता. व्यापाऱ्यांना वाटलं, मी विक्रीकर खात्याचा. माल आणलेल्या शेतकऱ्यांना वाटलं, मी व्यापाऱ्यांचा. हमालांना वाटलं, पेपरवाला. चहावाल्याला वाटलं, मी बाजार समितीच्या निवडणुकीत कुणाच्या तरी पॅनेलचा, आणि मी कुठल्या पॅनेलचा याच्या रोजच्या अंदाजाप्रमाणे तो माझ्या चहात दूध कमी-जास्त करायला लागला. खोलीच्या मालकीणबाईंना वाटायचं मी खिडकीत उभा राहतो तो समोरच्या घरातल्या मुलीसाठी. समोर घर नव्हतं, गोदाम होतं. तरी वाटायचं.

ज्यांनी मला दुकानात बसू दिलं ते आण्णाप्पा अडते. पोट मोठं, टोपी तिरकी, मूळ गाव जत भागातलं, त्यामुळे रागावले की कानडीत जायचे आणि हिशेबाला मराठीत परत यायचे. त्यांचाही माझ्यावर विश्वास नव्हता. फक्त संशयिताला नजरेसमोर ठेवावं, असा त्यांचा विचार होता.

"काय ओ पॅडवाले," ते रोज विचारायचे, "आज काय लिवलासा आमच्यावर?"

"तुमच्यावर नाही हो. भाव कसा हलतो ते बघतोय."

"बघून कळतंय व्हय? मग आमी काय बघत न्हाई?" आणि शेजारच्याला डोळा, "वरनं आलंय कुणीतरी धाडलेलं. गप बसा."

कॉलेजात वेगळीच तऱ्हा. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायच्या, हात धुवायचे, आत गार हवेत रांगेने बसलेल्या यंत्रांवर रेक्झिनचे बुरखे. माझ्या फ्लॉपीवर पिवळ्या बोटांचे ठसे उमटलेले पाहून प्रयोगशाळेतल्या बाई म्हणायच्या, "पूजा करून येता का प्रत्येक वेळी?" त्या यंत्रात मी कृत्रिम खरेदीदार तयार केले होते. प्रत्येकाच्या खिशात थोडे पैसे, मनात एक अंदाज, शेजाऱ्याचं ऐकून अंदाज जरा बदलायची सोय. हिरवे आकडे पडद्यावरून सरकायचे आणि भाव हळूहळू एका जागी येऊन शांत बसायचा. ताटातल्या आमटीसारखा. यार्डातला भाव असा कधी बसलेला मी पाहिला नव्हता. तो उकळत्या दुधासारखा. पाठ फिरवली की उतू जाणार.

आमचे सर कागद बघून चष्मा पुसायचे. "तुमचे व्यापारी फार शहाण्यासारखे वागतात. मला संशय येतो. खरी माणसं पाहिलीत का कधी?"

मी रोज पाहत होतो. चूक कुठे ते दिसत नव्हतं. यार्डात वाटायचं सगळं हळदीवर अवलंबून आहे. हळकुंड मोडतात, ठणठणीत वाजतंय का बघतात, चावतात, थुंकतात. हरिपूरच्या बाजूला जमिनीखाली पेवं आहेत, मडक्याच्या आकाराचे खोल खड्डे, त्यांत वर्षावर्षाची हळद पुरून ठेवतात; त्या पेवांत कुणाचा किती माल आहे, ते वर उभं राहून कुणालाच सांगता येत नाही. हे सगळं मी गणितात घातलं. रंग घातला, ओल घातली, पेवं घातली. भाव आपला बसतोय आमटीसारखा.

तर अशा मनःस्थितीत मी एका शनिवारी साताऱ्याला गेलो. आईने दार उघडलं आणि आधी माझ्या मानेकडे बघितलं.

"हे पिवळं कुठनं आलं?"

"यार्डातलं. हळद उडते गं तिथे."

"कानामागं उडती व्हय?"

मी हसलो, तेही चुकलं. कारण तिला वाटलं मी लाजलो. शर्ट तिने हिसकावून घेतला, दगडावर टाकला, साबण लावला, आणि कॉलर लालभडक झाली. आता हळदीला साबण लागला की लाल होते, हे माझ्या आईला ठाऊक नव्हतं असं नाही. तिने जन्मभर हळदीची फडकी धुतलेली. पण संशय आला की ठाऊक असलेलंही माणूस विसरतं. मग आतल्या खोलीतलं बोलणं मला बाहेर ऐकू आलं.

"आवं, हळद बी हाय आणि कुंकू बी हाय."

"कुणाचं?" आबांचा आवाज.

"मला काय ठावं? पोरगं सांगलीत कुणाच्या तरी हळदीला बसलंय."

"कुणाच्या?"

"सोताच्याच बसलं असंल तर?"

मग आत एक पाल चुकचुकली, ती मी आजही ऐकतो. आबा बाहेर आले. माझ्याकडे बघितलं. ते बघणं. मी हातात घेतलेला चहाचा कप नकळत खाली ठेवला, जणू तो चोरीचा होता. त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. रविवारी मला गाडीत बसवून दिलं, खिडकीतून म्हणाले, "जून ध्यानात हाय न्हवं?" आणि गाडी हलेपर्यंत ताठ उभे राहिले.

त्यानंतरच्या आठवड्यात, एका सकाळी, सांगलीचा हळदबाजार मुका झाला.

मी आण्णाप्पांच्या दुकानात यार्डाकडे तोंड करून बसलो होतो. ढीग मांडलेले. घोळका जमलेला. पहिल्या ढिगाशी आला आणि थांबला. बोली कुणी बोलेना. एक म्हातारा व्यापारी हळकुंड मोडून नुसताच हातात धरून उभा. माल असा की बघत राहावं, सोन्याच्या लगडीसारखा. तरी सगळे हळदीकडे न बघता एकमेकांकडे बघतायत. कुणीतरी पुटपुटल्यासारखा आकडा टाकला. आदल्या दिवसापेक्षा कितीतरी खालचा. माल घेऊन आलेला शेतकरी ओरडला, "आरं, कालची हळद आणि आजची हळद एकाच शेतातली हाय गड्या!" कुणाचं लक्ष नाही. समोरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं. आण्णाप्पांचा रुमाल खांद्यावरून हलला नाही. मी मात्र पॅडवर भराभर लिहीत सुटलो. माझ्यासमोर काहीतरी घडत होतं, जे माझ्या यंत्रात कधीच घडलं नव्हतं! हळद तीच, पाऊसपाणी तेच, पेवं तीच. मग हे काय?

"आण्णा, झालं काय?"

आण्णाप्पांनी ओठ न हलवता सांगितलं, "मागं वळू नगासा. लिंबाच्या झाडाखाली एक हाय उभा. सकाळच्या गाडीनं आलाय. मिशा, चकचकीत बूट. चहा घेतलाय पण पीत न्हाई. नुस्तं बगालाय. पुण्यास्नं आलाय म्हंत्यात. धाड हाय."

मी वळलो. लिंबाखाली, पितळी बक्कलाच्या पट्ट्यात, काखेत फौजी पिशवी, हातात गार झालेला चहा घेऊन, आमचे आबा उभे होते.

एक क्षण वाटलं, ओळखच दाखवू नये. पण तोवर दोन व्यापारी खुर्ची घेऊन धावले होते, तिसरा पेढ्यांचं खोकं घेऊन, चौथ्याच्या हातात सरबत. "या की साहेब, उन्हात का? बसा. कुठल्या खात्याचं म्हणायचं आपण?"

"मी कुणी साहेब न्हाई," आबा म्हणाले. पेढ्यांकडे त्यांनी असं बघितलं की खोकं मागे सरकलं. "मी ह्याचा बाप हाय." आणि बोट माझ्याकडे.

यार्डातली सगळी मुंडकी माझ्याकडे वळली. मला वाटलं सुटलो. पण नाही.

"बघा!" कुणीतरी म्हणालं. "मी म्हणलोतो की. पॅडवाला बी त्यातलाच. बाप-लेक एकाच खात्यात!"

आण्णाप्पा उठले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना इतक्या चटकन उठताना बघत होतो. आधी कानडीत काहीतरी झालं, मग मराठी. "इतकं दिस माझ्या गादीवर बसलासा, माझा चहा प्यालासा, आणि खात्याचं?"

"अहो आण्णा, मी शिकतोय. खरंच शिकतोय."

"काय शिकालाय? एकदा सांगालाय भाव, एकदा सांगालाय गणित, एकदा यष्टीतली गर्दी. नाव तर सांगा अभ्यासाचं!"

 भिंतीवरचं ते लांबलचक नाव, उतरत्या भाजणीचं, ऐन वेळी तोंडात येईना. घोळका जवळ सरकला. शेतकरीही त्यात, कारण त्याच्या मालाचा भाव माझ्यापायी पडला होता.

तेव्हा माझ्या शेजारी टाचा जुळल्याचा आवाज आला. आबा सावधान उभे होते. नजर समोर, हनुवटी वर, आणि जसं पलटणीचं नाव आणि नंबर सांगावा तसं, एकही अक्षर न अडखळता ते म्हणाले, "मास्टर ऑफ सायन्स इन कॉम्प्लेक्स सिस्टिम्स मॉडेलिंग अँड कॉम्प्युटेशनल मेथड्स. दोन साल. चार सेमिस्टर."

घरात त्यांनी या अभ्यासक्रमाला 'त्ये तुझं' याशिवाय दुसरं नाव कधी दिलं नव्हतं. कधी पाठ केलं असेल? गच्चीत फेऱ्या मारताना? दाढी करताना, आरशातल्या त्या संशयी माणसाला ऐकवत? मला आजही कळलेलं नाही. मी त्यांच्या मिशीकडे बघत राहिलो आणि मला माझ्या शर्टाच्या बटणाशी काहीतरी काम निघालं.

आण्णाप्पांनी ते नाव तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. दोन शब्दांनंतर सोडून दिलं. "न्हाई," ते मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "असलं नाव खातं ठेवत न्हाई. खरंच शिकालंय पोरगं."

घोळका हसला. समोरचं शटर वर गेलं. पाचेक मिनिटांत पहिल्या ढिगाची बोली सुरू झाली आणि भाव असा उसळला की शेतकऱ्याने आबांना नमस्कार केला, का केला ते त्यालाही ठाऊक नसावं.

माझ्या गणितात काय नव्हतं, ते मला त्या सकाळी दिसलं. खरेदीदार हळदीकडे बघतच नव्हते. ते एकमेकांच्या डोळ्यांकडे बघत होते, की दुसऱ्याला असं काय ठाऊक आहे जे मला नाही. पुढल्या काही दिवसांत मी चपला बाहेर काढून, हात धुऊन, यंत्रातल्या माझ्या शहाण्या व्यापाऱ्यांना एकेक चिमूट संशय दिला. अगदी थोडा दिला तर भाव पूर्वीसारखाच झोपायचा. खूप दिला तर सगळे गप्प, बाजार बंद, लिंबाखाली आबा उभे. मधे कुठेतरी एक जागा होती, तिथे भाव सांगलीसारखा वागायला लागला. उतू जायचा, खाली बसायचा, पुन्हा चढायचा. सरांनी कागद बघितला, चष्मा पुसला नाही. "आता माणसं वाटतात," म्हणाले. एवढंच. पण त्यांच्याकडून ते पदकासारखं होतं.

मला तेव्हापासून संशयाबद्दल जरा आदर आहे. ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही त्याच्यावर माणूस कशाला संशय घेईल? साताऱ्याहून पहाटेच्या गाडीने, बूट चमकवून, कुणी कशाला येईल? हे लिहायला सोपं आहे. मुक्ताच्या दारावरून बाटली घेऊन जाताना आठवत नाही.

पण त्या दुपारचं राहिलं. बाजार आटोपल्यावर आण्णाप्पांनी आबांना गादीवर बसवलं, जेवायला घातलं. आबांची नजर त्यांच्या खांद्यावर.

"त्या फडक्याखाली काय करतासा तुमी?"

आण्णाप्पांनी समजावलं. विकणारा आपल्याला हवं ते बोटं धरून मागतो. घेणारा आपलं धरून सांगतो. पटलं की हात सोडायचा, रुमाल काढायचा. तोंडाने काय बोलला ते धरायचं नाही.

"ह्याच्यात फसवणूक?"

"तोंडानं फसवत्यात, साहेब. हातानं कशी फसवायची?"

आबांनी काखेतली पिशवी बाजूला ठेवली. मग त्यांनी आपण होऊन आण्णाप्पांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आण हात."

रुमाल पडला. आत उबदार काळोख, हळदीची कचकच. आबांचा हात मी लहानपणी सोडला तो सोडलाच होता. त्यांच्या पाया पडायचो, त्यांच्या हातून काही घ्यायचो, पण हात धरायची रीत आमच्या घरात नव्हती. तो खरखरीत, सुकलेल्या गड्ड्यासारखा होता. मी त्यांची दोन बोटं धरली. दोन वर्षं.

आबांनी पंख्याकडे बघितलं. "बँकेतली जागा काय कुणासाठी थांबत न्हाई," मोठ्याने म्हणाले. आणि माझं एक बोट धरलं.

"परवडत नाही, आबा."  मी कॅलेंडरवरच्या लक्ष्मीकडे बघत होतो. पुन्हा दोन बोटं.

"तुझ्या आईला काय सांगू मी? लाल कशानं झालं म्हणून?"

"साबणानं."

"हां." पुन्हा एकच बोट.

आण्णाप्पांनी सुपारी कातरणं थांबवलं होतं.  मी बोटं धरलीही नाहीत आता, हात नुसता त्यांच्या हातात राहू दिला. बाहेर हमाल पोती रचत होते, धप्प, धप्प.

"लय हट्टी हाय ह्ये," आबा आण्णाप्पांना म्हणाले. "शिकून करणार काय, त्येचा पत्ता न्हाई. जमायचं न्हाई आपल्याला."

आणि रुमालाखाली त्यांनी माझं एक बोट धरलं. जरा थांबून दुसरं.

सौदा झाला होता. आता हात सोडायचा, रुमाल काढायचा. आण्णाप्पा वाट बघत होते, त्यांना रुमाल हवा होता. आबांनी हात सोडला नाही. पंख्याकडे बघत बसले, जणू अजून भाव चाललाय.

बँकेतल्या सोबत्याला त्यांनी काय सांगितलं, कधी बोलले नाहीत. आईला सांगितलं, "साबणानं हुतंय त्ये," आणि तिने म्हटलं, "मला शिकवताय?" दुसरं वर्ष मी पुरं केलं. त्या शिक्षणाचं पुढे फार काही केलं अशातला भाग नाही. इथल्याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो आणि स्टँडवर गाडी लागली की दार सोडून रुमाल कुठल्या खिडकीतून टाकावा हे मला इतरांपेक्षा बरं कळतं. सौभाग्यवती म्हणते, तेवढ्यासाठी एम.एस्सी. लागत नाही. आबांचा सौदा मी सगळ्यांना सांगत सुटतो, कारण रुमालापलीकडे बसलेला माणूस आता राहिला नाही.

काल दुपारी हळकुंडं उलटीपालटी करायला गच्चीत गेलो होतो, ऊन लागतं म्हणून डोक्यावर पंचा. मुक्ता मागोमाग आली. चादरीच्या कडेला मांडी घालून बसली, माझ्या डोक्यावरचा पंचा ओढला आणि म्हणाली, "आणा हात."

"हा पोरखेळ आहे."

"आणा तर."

मी बसलो. गुडघा वाजला. पंचा आमच्या हातांवर पडला. तिची बोटं गार होती, आणि पिवळी. सकाळपासून तीही चोरून हळकुंडं मोडत असणार. ती शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीकडे बघायला लागली. मीही टाकीकडेच बघितलं, कारण गच्चीत पंखा नव्हता.

"दोन वर्षं परवडत नाहीत," मी मोठ्याने म्हणालो. "ठिपक्यांसाठी तर मुळीच नाहीत."

"मग राहू द्या," ती म्हणाली.

जिन्यातून सौभाग्यवतीचं डोकं वर आलं. तिने आमच्याकडे बघितलं, चादरीकडे बघितलं, पंच्याकडे बघितलं. या घरात आता तेवढं एकच बघणं शिल्लक होतं, तेही आलं.

"काय ठरलं?"

"जमायचं नाही," मी म्हणालो आणि पंच्याखाली मुक्ताची दोन बोटं धरली. टाकी भरून वाहायला लागली होती. पंचा अजून काढला नव्हता.